झुरळांचा बंदोबस्त

पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं तेव्हा ते झाकणाच्या आतल्या कडेला बसलेलं होतं. समीक्षाला ते दिसलं आणि त्याच क्षणी ते उडालं. तांबूस, लांब मिशांचं, चांगलं अंगठ्याएवढं झुरळ. ते तिच्या मानेवर येऊन बसलं आणि तिथून गाउनच्या गळ्याकडे सरकायला लागलं. डबा हातातून सुटला. पीठ ओट्यावर पसरलं, पायांवर सांडलं, आणि ती डोळे घट्ट मिटून, दोन्ही हात हवेत धरून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "परेश! परेश, ये रे! बेगीन ये!"

हॉलमधली बातम्यांची बडबड एकदम थांबली. पावलं वाजली. ती दाराशी येऊन थबकली, अगदी पळभरच, आणि मग जवळ आली. मानेवर एक हात फिरला, फरशीवर चपलेचा एकच फटका बसला. समीक्षानं डोळे उघडले. समोर सिद्धेश उभा होता, तिचा नवरा. त्याच्या एका हातात चप्पल होती आणि दुसऱ्या हाताच्या बोटांना पीठ लागलं होतं. "गेलें," तो म्हणाला. "मेलें तें. भिऊं नाकात." त्यानं वर्तमानपत्राचा तुकडा फाडून झुरळ उचललं, गॅलरीतून खाली टाकलं, बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुतले. मग केरसुणी घेऊन सांडलेलं पीठ गोळा करायला बसला. तो तिला नेहमी 'तू' म्हणायचा. आत्ता मात्र तो 'भिऊं नाकात' म्हणाला होता, परक्या बाईला म्हणावं तसं. आणि तेव्हा कुठे, त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघताना, आपण कुणाला हाक मारली ते समीक्षाच्या कानांत शिरलं.

परेश तिचा पहिला नवरा. त्याला जाऊन पाचवं वर्ष चालू होतं. सिद्धेशशी लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. गोव्यातल्या साखळीच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते नाव आजवर कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. त्याबद्दल दोघांत काही ठरलं होतं असंही नाही. घरात पाहुणा झोपलेला असला की माणसं जशी आपोआप हळू बोलतात, तसं ते होतं. आणि आता ते नाव स्वयंपाकघरात सांडलं होतं, आणि पिठासारखं ते केरसुणीनं गोळा होणार नव्हतं. तिनं दुसरं पीठ काढलं, मळलं, चपात्या केल्या. सिद्धेश जेवला. "तोंडाक आनीक थोडें घाल," म्हणाला, तिनं तोंडी लावायला सुकं सुंगट, वाळवलेली कोळंबी, वाढलं. जेवणात एरवी तो खात्यातल्या गोष्टी सांगायचा. वीज खात्यात लाइनमन होता, कुठल्या खांबावर कुठला पक्षी घरटं करतो हेसुद्धा त्याला ठाऊक असे. त्या संध्याकाळी त्यानं काहीच सांगितलं नाही. पण तो रुसलाही नव्हता. ताट उचलताना नेहमीसारखं तिचंही ताट त्यानंच उचललं. रुसला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. रुसव्याला काही म्हणता येतं.

मानेवर त्या पायांची खसखस राहून गेली होती. ती टॉवेलानं, हातानं पुसत राहिली. पुसताना तिला परेशचं पेडण्याचं घर आठवत होतं. विहिरीला लागून असलेलं कौलारू घर, मागच्या पडवीत लाकडं आणि नारळाच्या सोडणांचा ढीग, आणि त्या ढिगातून सांज झाली की स्वयंपाकघरात येणारी झुरळं. लग्न होऊन ती त्या घरात गेली आणि पहिल्याच आठवड्यात चुलीमागून एक निघालं तेव्हा ती अशीच ओरडली होती. सासू, जिला ती मांय म्हणायची, दारात येऊन उभी राहिली होती. झुरळापेक्षा सुनेनं नवऱ्याला नावानं हाक मारली याचंच तिला जास्त नवल वाटलं होतं. पण समीक्षा आणि परेश म्हापशाच्या कॉलेजात एका वर्गात होते. पाच-सहा वर्षं ज्याला 'ए परेश' म्हटलं त्याला एका दिवसात 'अहो' कसं म्हणायचं? मांयला पुढे सवय झाली. आणि परेश यायचा. घराला लागून असलेल्या पंपदुरुस्तीच्या दुकानात पंप उघडा टाकून, हाताला ग्रीस असतानाच यायचा. चप्पल उगारून, डोळे बारीक करून, नाटकातल्या राजासारखा आवाज काढायचा, "कोण रे तो? माज्या बायलेक भेडायता कोण?" आणि मग मारायचा. एका फटक्यात झुरळ मेलं तरी आणखी तीन-चार हाणायचा. छाती वरखाली व्हायची. मग बाल्दीतलं पाणी घेऊन किती तरी वेळ हात धुवायचा आणि हसायचा. ती म्हणायची, "अरे, एका झुरळाला एवढं?" तो म्हणायचा, "दुश्मनाक बाकी ठेवूं नये." ती टेबलावर पाय वर घेऊन बसलेली असायची आणि त्याच्याकडे बघत असायची. त्या बघण्यात एक गोष्ट असायची, ती तेव्हा तिला जाणवली नव्हती. या माणसाला हाक मारली की तो येणार, यात शंका नाही. भीती वाटण्यातही त्यामुळे एक चैन होती.

आणि मग ज्या वेळेला खरोखर हाक मारली त्या वेळेला तो आला नाही. कुणाच्या तरी शेतातला पंप काढायला गुडघाभर पाण्यात उतरला होता, त्यानंतर ताप आला. सगळ्यांना येतो तसा ताप. मग डोळे पिवळे झाले, मग बांबोळीचं इस्पितळ, मग एका काचेच्या दारामागे तो आणि दाराबाहेर ती. आत सोडलं तेव्हा तिनं त्याच्या कानाशी वाकून हाक मारली होती, "परेश, ये रे," असंच म्हणाली होती. 'ऊठ' नाही, 'डोळे उघड' नाही. 'ये'. तो कुठे गेला होता की त्याला ये म्हणावं? पण तोंडाला तीच सवय होती. दुसऱ्या दिवशी त्याला पेडण्याला आणलं तो पांढऱ्या चादरीत. त्यानंतर वर्षभर ती मांयजवळ राहिली. दोघी बायका एका चुलीवर दोन माणसांचा भात शिजवायच्या आणि तो नेहमी तिघांचा व्हायचा. शेवटी मांयच एक दिवस बसमध्ये बसून डिचोलीला समीक्षाच्या भावाकडे गेली आणि म्हणाली, "पोर तरणी आसा. तिका माज्या घरात म्हातारी करूं नाकात. स्थळ बघा." भावानं दोन वर्षं टाळलं, समीक्षानंही तीच दोन वर्षं नाही म्हटलं. मग कारापूरचा सिद्धेश आला. वडलांच्या आजारपणात, बहिणींच्या लग्नांत त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलेलं. डोक्यावरचे केस विरळ, हातांवर तारांचे जुने ओरखडे. खोलीत दोघांना बसवलं तेव्हा तो म्हणाला, "तुमका मन नासल्यार आताच सांगा. माका वायट दिसचें ना. उपरांत सांगल्यार दिसतलें." तिला वाटलं होतं, या माणसाला फसवता येणार नाही. आणि विठ्ठलाच्या देवळात चार माणसांत लग्न झालं.

फसवलं का? त्या हाकेच्या दुसऱ्या दिवशी, ती कामाला होती त्या फार्मसीत औषधांच्या पट्ट्या मोजून देताना ती स्वतःला विचारत राहिली. सिद्धेशला ती 'अहो' म्हणायची. सुरुवातीला तो एकदा हसत म्हणाला होता, "नावान हाक मार गो. हल्ली सगळ्यो मारतात." ती म्हणाली होती, "सवय जातली." सवय होईल, असं तिला वाटलंही होतं. झाली नाही. तिनं प्रयत्न केला नव्हता असं नाही. एकटी असताना, भांडी घासताना ती ते नाव म्हणून बघायची. सिद्धेश. चांगलं नाव. पण ते ओठांवर यायचं आणि कुणाचा तरी उसना कपडा घालावा तसं अंगाला लागायचं. आपण त्याला मान म्हणून 'अहो' म्हणतो अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. त्याचे कपडे, त्याचा डबा, कारापूरला राहणाऱ्या त्याच्या आईची औषधं, कशात ती कमी पडत नव्हती. त्याच्या अंगाला येणारा तारांचा आणि घामाचा वास तिला आवडायला लागला होता. दुपारी फार्मसीत बसल्या बसल्या तो पावसात खांबावर चढला असेल या विचारानं ती दारात जाऊन आभाळ बघून यायची. याला काय म्हणायचं? हे काहीच नाही का? आणि तरी भीतीच्या एका झटक्यात हे सगळं कुठे गेलं आणि खालून ते दुसरंच कसं वर आलं? गिऱ्हाईक म्हणालं, "बाय, ह्यो गुळयो जेवचें पयलीं काय उपरांत?" तिनं चुकीचं सांगितलं, मग बाहेर धावत जाऊन बरोबर सांगून आली.

त्या संध्याकाळी सिद्धेश घरी आला तो हातात पिशवी घेऊन. पिशवीत झुरळांचा खडू, पांढरं सिमेंट, बारीक जाळी आणि नळीतलं औषध. कपडे बदलून तो सिंकखाली शिरला. ड्रेनेजच्या पाइपाभोवतीची फट त्यानं सिमेंटनं बुजवली, बाथरूमच्या मोरीला जाळी बसवली, कपाटांच्या बिजागऱ्यांत औषधाचे ठिपके लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्यानं गॅसची शेगडी पुढे ओढून मागची भिंत घासली. कामावरून दमून आलेला माणूस, चहासुद्धा अर्धा टाकून झुरळांच्या मागे लागला होता. समीक्षा दारात उभी राहून बघत होती. "राहूं द्या हो," ती शेवटी म्हणाली. "एका झुरळासाठी कितें हें!" तो ओट्याखालून न वळता म्हणाला, "एक नासता गो, खूब आसतात. एक दिसता इतकेंच." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. आणि तिला एकदम कळलं की तो हे कशासाठी करतोय. या घरात झुरळच उरलं नाही तर तिला कधी भिऊन ओरडावं लागणार नाही. तिला कुणाला हाक मारावी लागणार नाही. त्याला दारात थबकावं लागणार नाही. हा एवढा मोठा माणूस, अकरा हजार व्होल्टच्या तारांखाली ज्याचा हात कापत नाही, तो तिच्या एका हाकेला भिऊन सिमेंट कालवत बसला होता. तिला 'माफ करा' म्हणावं असं वाटलं. पण कशाची माफी? ते ठरवून झालं असतं तर माफी मागता आली असती. ती आत जाऊन त्याच्यासाठी पुन्हा चहा ठेवायला लागली.

खडूनं आणि ठिपक्यांनी झुरळं हटेनात. शनिवारी मिक्सरच्या खालून दोन निघाली. ती ओरडली नाही. तिनं ओठ दातांखाली दाबले, स्वतःच चप्पल काढली आणि मारली, आणि मग बेसिनवर वाकून ओकली. सिद्धेशनं ते पाहिलं. त्यानं फोन करून फवारणीवाल्यांना रविवारी सकाळी बोलावलं. ते म्हणाले, स्वयंपाकघर पूर्ण रिकामं करा आणि फवारल्यावर दिवसभर घर बंद ठेवा. रविवारी पहाटेपासून दोघं मिळून कपाटं उपसत होती. ताटं, वाट्या, डबे, बरण्या सगळं हॉलमध्ये चादरीवर मांडत होती. एक जुनी पितळी कुलेर, मोठा चमचा, सिद्धेशच्या हातात आली, दांडा वाकलेली. "ही खंयची गो?" त्यानं सहज विचारलं. "पेडण्याची," ती म्हणाली. त्यानं ती कापडानं पुसली आणि चादरीच्या एका कोपऱ्यात, बाकी भांड्यांपासून जरा अंतरावर, हलक्या हातानं ठेवली. त्या ठेवण्याकडे बघवेना म्हणून समीक्षा जनेलाकडे वळून बाहेर बघायला लागली. मागून तो म्हणाला, "दिसभर खंय बसूंया? पेडण्या वचूंया?"

तिला वाटलं तिनं चुकीचं ऐकलं. "कोणागेर?"

"तुज्या मांयगेर. लग्न जाल्या उपरांत तूं एकदाय गेली ना. ती एकटी आसा न्हय?"

फवारणीवाले येऊन गेले, घराला कुलूप लागलं. स्कूटरवर मागे बसून ती निघाली. डिचोली गेली, अस्नोडा गेला, कोलवाळच्या पुलावर वारा लागला. ती एका हातानं सीटची मागची कडी धरून बसली होती. याच रस्त्यानं परेशच्या मोटारसायकलवरून ती किती वेळा आली होती, दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घालून. आता मधे बोटभर जागा होती, आणि त्या जागेतून वारा वाहत होता. हात पुढे न्यावा असं तिला वाटलं. पण या रस्त्यावर, पेडण्याच्या दिशेनं जाताना, ते कुणाच्या तरी समोर केल्यासारखं झालं असतं. सिद्धेश खड्डे चुकवत सावकाश चालवत होता. एकदा त्यानं मान जराशी मागे वळवून विचारलं, "बरी बसलां मगो?" ती हो म्हणाली.

मांय, म्हणजे कमल, सोप्यावर पाय पसरून बसली होती. गुडघे सुजलेले, केस अगदी पांढरे झालेले. स्कूटर दिसली तशी ती डोळ्यांवर हात धरून बघत राहिली आणि ओळख पटली तेव्हा उठता उठता पुन्हा बसली. "ये गो बाय, ये. इतक्या दिसांनी वाट गावली तुका?" समीक्षानं पायांना हात लावला. मांयनं तिचं तोंड दोन्ही तळव्यांत धरून नीट बघितलं, वजन करून बघावं तसं. "जीव धरलां," ती समाधानानं म्हणाली आणि मग सिद्धेशकडे वळली. तो अंगणातच उभा होता, आत यावं की नाही या विचारात. "तूं भायर कित्याक उबो? बस पुता, बस. हें घर तुजें न्हय म्हणान कोणे सांगलें?" तो आला, बसला, आणि चहा होईपर्यंत पुन्हा उठून आतल्या खोलीत परेशच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. समीक्षाला सोप्यावरून त्याची पाठ दिसत होती. त्यानं हात जोडले नाहीत. नुसता बघत होता, एखाद्या माणसाचं आपल्याकडे काही काम असावं आणि त्यानं ते सांगावं म्हणून थांबावं तसा. फोटोत परेश हसत होता. हार जुना झाला होता. सिद्धेशनं हाराचं एक सुटलेलं टोक उचलून खिळ्यात नीट अडकवलं.

मांयनं सकाळी पाववाल्या पोदेराकडून घेतलेले उंडे कापले, चहा ओतला. "आनी आज बरे आयलात? आयतार म्हणान?" सिद्धेश म्हणाला, "घरात झुरळांचें वखद मारलां. दिसभर घर बंद दवरूंक सांगलां." आणि मांय हसायला लागली. हसताना तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. "झुरळां! अगो बाय, परेशाक झुरळाचें नांव काडलें तरी कापरें भरायचें. इतको व्हडलो जालो तरी झुरळ दिसलें की मेजार चडान बसायचो. 'आई, मार गो, मार गो,' म्हणान बोंबा मारायचो. एकदां तर झुरळ पायार चडलें म्हणान ताप आयलो ताका."

"ना, मांय," समीक्षा म्हणाली. "तोच मारायचो. मी हाक मारली की तोच येयचो."

"येयचो गो. तुज्या फुडें मारायचो. आनी मागीर न्हाणयेंत वचान वोंकायचो. तुका खबर ना? माका म्हणायचो, 'आई, तिका सांगू नाका. हांव भियेतां म्हणान तिका कळलें जाल्यार ती कोणाक हाक मारतली?'"

विहिरीवर कावळा येऊन बसला, उडाला. समीक्षानं हातातला उंड्याचा तुकडा बशीत ठेवला. बारीक केलेले डोळे. ते रागानं बारीक केलेले नव्हते. झुरळ कमी दिसावं म्हणून ते बारीक केलेले होते. मेलेल्या झुरळावर हाणलेले ते फटके, ती वरखाली होणारी छाती, बाल्दीभर पाण्यात धुतलेले हात, मग ते हसू. वर्षानुवर्षं ती टेबलावर पाय घेऊन बसली होती आणि समोर एक घाबरलेला माणूस चप्पल उगारून उभा होता, आणि तिला तो राजा दिसला होता. एकदाही तिला कळलं नव्हतं. मरतानाही तो घाबरला असेल का? काचेच्या दारामागे, नळ्या लावलेल्या, डोळे मिटलेल्या त्या चेहऱ्यावर तिला शांतपणा दिसला होता आणि त्या शांतपणावर तिनं इतकी वर्षं काढली होती. तोही तिच्यासाठी केलेला असेल का? ती उठली. मागच्या पडवीत गेली, सोडणांच्या ढिगाशी, आणि भिंतीला कपाळ टेकून रडायला लागली. इस्पितळात ती रडली नव्हती अशी, मसणात नेलं तेव्हा रडली नव्हती अशी, लहान मुलासारखी हुंदके देऊन. मांय आतून म्हणाली, "रडूं दे तिका." सिद्धेश पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारापर्यंत आला होता. तो तिथेच खाली बसला, तिच्याकडे पाठ करून, तांब्या बाजूला ठेवून. ती थांबेपर्यंत तो हलला नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत दोघं साखळीला परतली. कुलूप काढलं तसा औषधाचा उग्र वास अंगावर आला. सिद्धेशनं सगळी जनेलं उघडली. स्वयंपाकघराच्या फरशीवर झुरळं उताणी पडली होती. ओट्याखाली, फ्रिजमागे, कपाटांच्या तळाशी, लहान, मोठी, काही अजून पाय हलवत असलेली. तिच्या कल्पनेच्या कितीतरी पट. समीक्षानं केरसुणी घेतली. सिद्धेश म्हणाला, "तूं राव, हांव काडटां." ती म्हणाली, "नाका. मी काडटां." तिला किळस येत नव्हती. ती उताणी शरीरं सुपात गोळा करत राहिली आणि तो ओला कपडा घेऊन फळ्या पुसत राहिला. पाठीला पाठ लागेल एवढ्याशा त्या जागेत दोघं आपापल्या कामात होती.

"त्या दिसा," ती म्हणाली, "मी हाक मारली—"

"सांगू नाका. कळलें माका." तो फळी पुसत राहिला. थोड्या वेळानं त्याचा हात थांबला. "राग येवंक नासलो गो. हांव दारांत पावलों तेन्ना तूं दोळे धांपून उबी आसलीस. भियेल्ली आसलीस, पूण तोंडार एक खात्री आसली. आतां कोण तरी येतलो, अशी. तें तोंड हांवें केन्नाच पळेवंक नासलें. मागीर तुवें दोळे उगडले. माका पळयलें. आनी तें गेलें." त्यानं कपडा पिळला. "इतकेंच."

खाली रस्त्यावरून पणजीची बस गेली, तशा जनेलांच्या काचा थरथरल्या. समीक्षाला त्याच्याजवळ जायचं होतं. ती पुन्हा केरसुणी फिरवायला लागली. खोटं काही म्हणता येत नव्हतं, कारण हा माणूस तिला पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झाला होता की उपरांत सांगितलं तर वाईट वाटेल. आणि खरं म्हणायला गेलं तर तिच्याजवळ एकच गोष्ट होती, ती त्याला दुखावणारी.

"कसो आसलो गो तो?" सिद्धेशनं विचारलं. तो आता सिंकपाशी उभा होता. हॉलमधली भांडी एकेक आणून धुवायला घेतली होती. "म्हणजे, फोटोंत दिसता तो न्हय. कसो आसलो?"

ती सांगायला लागली. आधी अडखळत, मग सलग. म्हापशाच्या कॉलेजातल्या कॅन्टीनमध्ये त्यानं तिच्या वाटणीची भजी कशी खाल्ली. पंपाचा आवाज ऐकून तो आत काय मोडलंय ते कसा सांगायचा. गाणं बेसूर म्हणायचा आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. भात खाताना मीठ मागायचा, चव घेण्याआधीच. सिद्धेश भांडं धुवायचा, विसळायचा, उपडं घालायचा आणि म्हणायचा, "मागीर?" ती पुढे सांगायची. "मागीर?" त्याच्या आवाजात खरोखरच ऐकायची इच्छा होती, आणि प्रत्येक वेळी तो शब्द थोडा जड होत होता. हे तिला ऐकू येत होतं. आपण याच्या अंगावर एकेक घाव घालतोय हे तिला कळत होतं, आणि तरी तिला थांबता येत नव्हतं. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. भाऊ, आई, फार्मसीतल्या बायका, सगळ्यांनी तो विषय तिच्यासाठी म्हणून बंद केला होता. आणि ज्यानं विचारू नये त्यानंच विचारलं होतं. ती सांगत राहिली. बाहेर उजेड उतरला. सांगता सांगता तिला जाणवलं की बोललेली प्रत्येक गोष्ट तिच्यातून निघून जातेय. आता ती तिची एकटीची राहिली नाही. भजी, पंप, मीठ, हे आता सिद्धेशचंही झालं. उद्यापासून तो भात खाताना ते आठवेल. परेश या घरात आला होता, आणि त्याला तिनंच आणलं होतं, आणि तरीही ती त्याला हरवत होती, एका गोष्टीमागून एक गोष्ट.

"मागीर" यायचा थांबला. ती बोलायची थांबली. सिद्धेश तिच्याकडे पाठ करून सिंकपाशी उभा होता. नळ चालू होता, हातात भांडं नव्हतं. पाणी त्याच्या पालथ्या पंज्यांवरून, तारांच्या जुन्या ओरखड्यांवरून नुसतं वाहत होतं. त्याचे खांदे हलत नव्हते. तो रडत होता की नाही हे मागून कळायला मार्ग नव्हता.

समीक्षा सूप हातात धरून उभी राहिली. पुढे काय सांगायचं होतं ते तिला आठवेना.

"सांग गो," तो न वळता म्हणाला. "हांव आयकतां."

तिनं सूप खाली ठेवलं आणि पुढे होऊन त्याच्या हातांवरचा नळ बंद केला.